गाडीचा साज आणि गाडीचे माप

पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे घासून त्यांना हिंगूळ लावायचा, अंगावर झूल घालायची, गळ्यात घुंगुरमाळा बांधायच्या आणि वाजतगाजत त्यांची गावातून मिरवणूक काढायची, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही. जे जनावर वर्षभर आपल्यासाठी खपते त्याला एक दिवस तरी नटवावे, ही त्यामागची साधी भावना. आज अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत आणि बोलताना आपण नुसते 'नगर' म्हणतो त्या जिल्ह्यात, पुष्कळ घरांपुढे बैलजोडीच्या जागी पिकअप उभी असते. घोडेगावच्या बाजाराला कांदा न्यायचा, संगमनेर-अकोल्याकडचे टोमॅटोचे कॅरेट भरायचे, दुधाचे कॅन पोहोचवायचे, हे सारे तिच्यावर चालते. तेव्हा तरुण मुलाला तिलाही नटवावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

या नटवण्याचा एक प्रकार हल्ली फार दिसू लागला आहे. चाकावरच्या कमानीला बाहेरून एक रुंद, फुगीर कड बसवायची आणि ती गाडीच्या रंगाला जुळणारी, नाहीतर मुद्दाम उठून दिसणारी रंगवायची. दुकानदार तिला 'फेंडर फ्लेअर' म्हणतो. आपण तिला कमानीची झालर म्हणू. ही झालर कशासाठी असते, ती कशी निवडावी, रंग टिकावा म्हणून काय करावे आणि कुठे थांबावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी थोडे मागे जाऊ. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. त्या जीपची पुढची मडगार्डे पाटासारखी सपाट होती. गाडी थांबली की माणसे त्यांच्यावर खुशाल बसत. 1954 साली टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बांधलेल्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. कारखान्यातून पुष्कळदा नुसता सांगाडा यायचा, म्हणजे इंजिन, चाके आणि चालकापुढचा पत्रा. केबिन आणि मागचा हौदा गावातले सुतार, लोहार आणि पेंटर मिळून बांधीत. त्यामुळे मालमोटार रंगवणे हा वेगळा शौक नव्हता, ते बांधणीचेच शेवटचे काम होते. फाळक्यावर कमळ काढले, मोर काढला, मालकाच्या लेकरांची नावे घातली, की गाडी पुरी झाली. पिकअपचे तसे नाही. ती कारखान्यातून रंगरंगोटीसह तयार येते. पेंटरला हात घालायला जागाच उरत नाही. म्हणून सारी हौस बंपरवर, काचेवर आणि चाकाच्या कमानीवर येऊन थांबली आहे.

पण कमान ही काही नुसती शोभेची वस्तू नाही. ती काय काम करते हे पाहायचे असेल तर ज्वारीच्या राखणीला वापरतो ती गोफण आठवा. गोफण गरगर फिरत असते तोवर खडा आत बसून राहतो. दोरी सुटली की तो वर्तुळात न फिरता सरळ रेषेत सूं करून निघतो. टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याचे हेच होते. पिकअपच्या चाकाचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर धरला, तर त्याचा घेर सुमारे 2 मीटर 20 सेंटिमीटर भरतो. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल तर ती सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे चाक दर सेकंदाला साडेसात फेरे घेते. या गतीने सुटलेला खडा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्याला लागला तर काय होईल, हे सांगायला नको. ती गोफण झाकून ठेवणे हे मडगार्डाचे काम, आणि त्याच्या मागे लोंबणारे रबर हा त्याचाच खालचा भाग. टायर जितका रुंद तितके मडगार्ड रुंद हवे. टायर बाहेर आणि कमान आत राहिली, तर चिखल आणि खडे बाजूने उडणारच.

झालरीचा जन्म यातूनच झाला. परदेशांत वाळूतून, बर्फातून, दगडधोंड्यांतून गाडी न्यायची म्हणून लोक रुंद टायर घालू लागले. टायर कमानीबाहेर आले, म्हणून कमान रुंद करावी लागली. म्हणजे तिथे आधी गरज आली, मग झालर आली आणि मग ती रंगवण्याची हौस आली. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. आधी झालर आवडते, ती बसवल्यावर आतले कंपनीचे टायर बारीक दिसू लागतात, आणि मग ते 'भरलेले' दिसावेत म्हणून रुंद टायर आणि बाहेर निघणाऱ्या रिंगा घातल्या जातात. घोटाळा इथे सुरू होतो.

का, ते पाहा. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरून चाला आणि तीच बादली हात लांब करून धरून चाला. वजन तेच असते, पण खांदा भरून येतो. रिंग बाहेर काढली की चाकावरचे ओझे बेअरिंगपासून दूर जाते आणि बेअरिंगचा, स्टिअरिंगच्या सांध्यांचा खांदा असाच भरून येतो. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. कांद्याच्या गोण्या भरून करंजी घाटात किंवा चंदनापुरी घाटात वळणे घेताना जाणवते. शौकाच्या गाडीला हे एक वेळ परवडेल. जिच्यावर घरचा हप्ता चालतो तिला परवडत नाही.

तेव्हा पहिला नियम असा की कंपनीने दिलेली चाके आणि टायर तसेच ठेवावेत. झालर हवी तर बारीक, अंगालगत बसणारी घ्यावी. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरची झालर लावली तर गाडी दहा सेंटिमीटरने रुंद होते. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, असे कोणी म्हणेल. पण चालकाच्या नजरेला गाडीचे जुने माप पाठ झालेले असते. उसाच्या बैलगाडीला ओलांडताना, अरुंद फरशीपुलावरून जाताना, सायकलवरच्या शाळकरी मुलाच्या बाजूने काढताना तो त्या पाठ मापाने गाडी काढतो, आणि ते माप आता खोटे झालेले असते.

दुसरे, झालरीची आतली कड टायरला लागत नाही ना, हे पाहायचे. हे रिकाम्या गाडीवर पाहून चालत नाही. गाडी भरली की पाटे दबतात आणि अंग खाली येते. म्हणून नेहमीचे ओझे भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरते वळवून, बोटे घालून मोकळी जागा तपासावी. आपल्याकडे काळ्या रानातला चिखल चिकट असतो. कमान आणि टायर यांच्यात तो गच्च बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. म्हणून ती जागा भरपूर हवी. कड टायर कापत राहिली, तर एक दिवस टायर रस्त्यावर फुटतो.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे ऐकीव गोष्टी फार चालतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की, नोंदणीच्या कागदावरील तपशील आणि कारखान्याने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना, गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंगाचेही तसेच आहे. गाडीचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो, म्हणून सबंध गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओला कळवून तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि एक रंग तर आपल्याला वर्ज्यच आहे. नगर हे रणगाडा दलाचे ठाणे. लष्करी गाड्यांचा तो शेवाळी हिरवा रंग पाहून तरुणांना मोह होतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणालाही लावता येत नाही.

कोणी विचारील, एवढ्याशा कडेला एवढा कायदा कशाला? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नगरजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. नव्या वाहनाचा नमुना विक्रीला येण्यापूर्वी ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांत पुण्याच्या एआरएआयप्रमाणे या संस्थेचाही समावेश आहे. अशा ठिकाणी नमुन्याची लांबी-रुंदी, ब्रेक, दिवे सारे मोजले जाते आणि त्या मापांना मंजुरी मिळते. आपण गॅरेजमध्ये तासाभरात जी रुंदी वाढवतो, ती कोणी तपासलेली नसते. म्हणून झालर घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. एक, गाडीच्या कंपनीनेच या मॉडेलसाठी अशी झालर दिलेली आहे काय? दोन, आपल्या आरटीओचे, म्हणजे एमएच 16 असेल तर नगरचे आणि एमएच 17 असेल तर श्रीरामपूरचे, म्हणणे काय आहे? फिटनेसच्या तपासणीला गाडी न्यायचीच असते. तिथे उतरवून फेकण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. विमा कंपनीलाही कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उभा करतो, आणि त्या वेळी वाद घालण्याचे बळ घरात उरलेले नसते.

असो. समजा, झालर योग्य मापाची मिळाली. आता रंगाचे काम. पुष्कळांची तक्रार असते की पत्र्यावरचा रंग दहा वर्षे टिकतो आणि झालरीवरचा पहिल्याच पावसाळ्यात पापडासारखा निघतो. दोष रंगाचा नसतो. अळूच्या पानावर पाणी टाका, ते पसरत नाही, थेंब होऊन घसरते. काही प्लॅस्टिकचा पृष्ठभाग तसाच असतो. तो रंगाला धरत नाही. त्यातून साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेला तेलकट पदार्थही तिच्यावर राहिलेला असतो.

म्हणून आधी प्लॅस्टिकची जात ओळखावी. झालरीच्या पाठीमागे बहुधा इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. एबीएस असेल तर ते रंग बऱ्यापैकी धरते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर ते अळूचे पान समजावे. त्यावर प्लॅस्टिकसाठी मिळणारा खास प्रायमर लावल्यावाचून रंग देऊ नये. अक्षरे नसतील तर कडेची बारीक कपची काढून पाण्यात टाकावी. शुद्ध पीपी पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, एबीएस बुडते. मात्र पीपीमध्ये भुकटी मिसळलेली असेल तर तेही बुडू शकते, म्हणून अक्षरांवर अधिक विसंबावे. तिसरा प्रकार फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूंचा. तो रंग चांगला धरतो, पण घासताना त्याची भुकटी अंगाला खाजते आणि छातीत जाते.

जात कळली की क्रम सोपा आहे. झालर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी आणि वाळवावी. मग रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या क्लीनरने पुसावी. पेट्रोलने पुसू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो, काही प्लॅस्टिकला ते खाते, आणि आगीची भीती असतेच. त्यानंतर 400 नंबरच्या पाणी पेपरने सगळीकडे सारखे घासून चकाकी घालवावी. भिंतीला गिलावा धरावा म्हणून गवंडी ती टोचून खरबरीत करतो, तसलेच हे काम आहे. मग प्रायमर, तो वाळल्यावर 600 ते 800 नंबरच्या पेपरने हलका हात, आणि मग रंग. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत, आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. शेवटी वरून पारदर्शक लॅकरचा हात. तोच रंगाला उन्हापासून राखतो.

वेळ कोणती निवडावी? पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी धुरी चढते. चैत्र-वैशाखाच्या दुपारी तापलेल्या हवेत रंग पसरण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. तेव्हा उघडिपीच्या दिवसांत, सकाळी, वारा पडलेला असताना, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि मग काम करावे. आणि झालर गाडीवर बसवण्यापूर्वी, सुटी असतानाच रंगवावी, म्हणजे कडांनाही रंग पोचतो.

इथे पेंटरबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हल्ली दोन डब्यांचा रंग वापरतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळून गनने उडवला की तो काचेसारखा कडक होतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासातून आत गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्यांचे वावडे झाले की पुढे थोडासा वासही सोसत नाही. तोंडाला उपरणे किंवा रुमाल बांधून हे अडत नाही. रंगकामासाठीचा, वायू शोषणाऱ्या डबीचा मास्क लागतो, आणि जागा उघडी हवी. जुना पिवळा किंवा नारिंगी रंग घासायचा असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावून घासावा. पेंटरदादांशी भाव करताना शंभर-दोनशे रुपयांसाठी आपण ताणून धरतो. त्याऐवजी, "मास्क लावा, त्याचे पैसे मी देतो," असे म्हणणारा गिऱ्हाईक निघाला, तर एका घरातला कर्ता माणूस धडधाकट राहील.

झालर बसवताना शक्यतो कंपनीने दिलेली भोकेच वापरावीत. पत्र्याला नवे भोक पाडले की तिथला रंग निघतो आणि गंज त्या वाटेने शिरतो. पाडावेच लागले तर भोकाच्या कडेला आधी प्रायमर लावावा. झालर आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी घालावी, नाहीतर धुळीने पत्रा घासला जातो. खालची टोके मात्र बंद करू नयेत. आत गेलेले पाणी बाहेर यायला वाट हवी. ते कोंडले की झालर वरून चकाकते आणि आत पत्रा कुजतो. पावसाळा संपला की एकदा आतून पाण्याचा जोरदार झोत मारून साचलेली माती काढावी.

राहता राहिली रात्रीची गोष्ट, आणि ती सगळ्यांत मोठी. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे जिल्ह्यात ठिकठिकाणी कारखाने झाले. हंगामात रात्री रस्त्यावर ऊस असतो. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, मालमोटारी असतात. अशा वेळी आपली गाडी दुसऱ्याला दिसणे हेच आयुष्य. रंग कितीही झगझगीत असो, अंधारात तो स्वतः उजळत नाही. गर्द लाल आणि काळा यांत तर फरकही कळत नाही. बॅटरीचा झोत पडला की बैलाचे डोळे चमकतात ना, तसा आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवणारी पट्टी म्हणजे रिफ्लेक्टर टेप. मालवाहू गाडीला ती पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल लावायची असते. झालर लावताना ही पट्टी, बाजूचा इंडिकेटर किंवा दिवा झाकला जात असेल, तर ती झालर आपल्या उपयोगाची नाही. टेपवर रंग किंवा लॅकर मारू नये, आणि तिच्यावर चढलेला चिखल रोज फडक्याने पुसावा. मागच्या फाळक्यावरचे 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये बंद केले, कारण ते वाचून लोक विनाकारण कर्णा वाजवत. ती मोकळी झालेली जागा चित्रापेक्षा टेपला दिलेली बरी.

शिक्षक मंडळींना या विषयात वर्गासाठी बरेच सापडेल. शाळेपुढे उभ्या असलेल्या पिकअपच्या चाकाला दोरी गुंडाळून घेर मोजता येतो, व्यासाने भागून पाय काढता येतो, आणि ताशी वेगावरून सेकंदाचे फेरे काढण्याचे गणित घालता येते. प्लॅस्टिकच्या कपच्या पाण्यात टाकून घनता शिकवता येते. संध्याकाळी मैदानात एका पाटीवर लाल रंग आणि दुसरीवर लाल टेप लावून, पन्नास पावलांवरून बॅटरी मारून दाखवा. ते पाहिलेले मूल घरी जाऊन वडिलांना टेप लावायला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

गाडी नटवू नका, असे मी म्हणणार नाही. ज्या हातांनी शिंगे रंगवली त्याच हातांनी कमानी रंगवल्या तर बिघडले कुठे? पण शिंगे रंगवताना आपल्या वाडवडिलांनी जुवाचे माप कधी बदलले नाही, आणि बैलाच्या डोळ्यांवर झूल कधी ओढली नाही. गाडीचा साज करताना आपणही तेवढे सांभाळावे. रंग आपल्या आवडीचा असू द्या. माप कारखान्याचे राहू द्या. आणि रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला गाडी दुरून दिसू द्या.